शुद्धीत लावलेली पोपटी

पेणमध्ये मी "नोकऱ्या लावणाऱ्या बाई" म्हणून ओळखली जायची, आणि त्यापायी मला बाजारात धड भाजी घेता यायची नाही. कुणीतरी हमखास गाठायचं.

"बाई, आमच्या प्रसादला डोलवीला कंपनीत चिकटवा ना कुठंतरी. बी.कॉम. झालाय."

"कधी वेडबिड लागलं होतं का त्याला?"

"छे हो, काय बोलता!"

"दारू? गांजा?"

"अहो, सुपारीसुद्धा खात नाय!"

"मग त्याच्यासाठी माझ्याकडे काही नाही," असं म्हणून मी मेथीची जुडी पिशवीत टाकायची. लोक रागवायचे. एक काकू तेवढ्या रागावल्या नाहीत. त्या जरा विचारात पडल्या आणि हळूच म्हणाल्या, "थोडीशी प्यायला लावली तर जमंल का?"

तर माझं काम हे असं होतं. डोक्याच्या आजारातून नाहीतर व्यसनातून जो सावरलाय, त्याला कामाला लावायचं आणि तो तिथं टिकतोय की नाही ते बघत राहायचं. डॉक्टर गोळ्या देतात, केंद्रवाले दारू सोडवतात, हार घालून घरी धाडतात. पण घरी आलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं काय? सगळं घर त्याच्याकडं बघत बसलेलं असतं. तो हसला की "बघा, हसला." गप्प बसला की "बघा, गप्प झाला." अशानं धडधाकट माणूससुद्धा बिघडेल. तोच माणूस डबा घेऊन कामावर जायला लागला की मग हसायलाही मोकळा आणि गप्प बसायलाही मोकळा. आमची सगळी विद्या एवढीच.

आमच्या संस्थेचं ऑफिस पेणला, सायकलच्या दुकानाच्या माडीवर. अधूनमधून एस.टी.नं रोह्यालाही जायचं, तिथल्या कारखानदारांच्या दारात बसायचं. मालकलोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "मारत-बिरत नाय ना?"

"तुमच्याकडचे आत्ताचे मारत नाहीत का?" मी विचारायची. मालक खिडकीतून कामगारांकडं बघायचा आणि मला चहा मागवायचा.

आता बबनची गोष्ट सांगते. बबन जोह्याजवळचा, भातशेतीवाल्या घरातला, तिशीतला, गोल चेहऱ्याचा, अतिशय गंभीर माणूस. त्याच्या कानात दोन-तीन जणं बोलायची. गोळ्यांनी ती पुष्कळ कमी झाली होती, पण पुरती गेली नव्हती. शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा तशी कुठंतरी बडबडत असायची. बबननं ते मान्य करून टाकलं होतं. मी त्याला गणपतीच्या कारखान्यात लावला. काम सोपं होतं. मूर्त्या उन्हात मांडायच्या, ढग आला की आत घ्यायच्या, पॉलिश पेपर मारायचा.

मी मालकाला सगळं खरं सांगितलं होतं. आमचा तो नियमच होता. "याला कधीकधी आवाज ऐकू येतात," मी म्हटलं.

"कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत."

मालकानं मागं वळून भिंतीला लावलेल्या गणपतींकडं एकदा बघितलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

थोड्याच दिवसांत कारखान्याबाहेर बायका नारळ घेऊन बसायला लागल्या. जोह्याच्या कारखान्यात गणपती एका माणसाशी बोलतात, अशी वार्ता पार वडखळपर्यंत गेली होती. मी पोचले तेव्हा बबन पाटावर बसला होता, हातात पॉलिश पेपर, आणि एक बाई पदर खोचून त्याला विचारत होती, "माझ्या पोरीचं लग्न कवा जमंल, काय म्हणतो बाप्पा?"

"काय नाय म्हणत," बबन म्हणाला. "शाडूचा हाय तो. बोलंल कसा?"

"मग तुला ऐकू येतंय ते?"

"ते वायलं. त्यातला एक आमच्या शाळंतल्या मास्तरासारखा हाय. सारखा कान धर म्हणतो."

बाईनं तिथल्या तिथं स्वतःचे कान धरले. "मी धरू, का पोरीला धरायला सांगू?"

बबननं माझ्याकडं इतक्या केविलवाण्या नजरेनं बघितलं की मला हसूही येईना आणि रागही आवरेना. मालक मात्र खुशीत होता. त्यानं मला कोपऱ्यात घेतलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "बाई, गोळ्या जरा कमी केल्या याच्या, तर आवाज जास्त स्पष्ट येईल का हो?"

मी बबनला हाताला धरून त्याच पावली बाहेर आणला. येताना वाटेत तो म्हणाला, "बाई, मी एवढं सांगतोय ते खोटं हाय, तरी ही लोकं ऐकत नायत. मग वेडा मी कसा?"

दुसरा माझा जीव खाणारा माणूस म्हणजे हरिश्चंद्र. खाडीकडच्या मिठागरवाल्या घरातला, पेशानं टेम्पो ड्रायव्हर. आईबापांनी मोठ्या हौसेनं नाव ठेवलेलं, आणि अख्ख्या गावात त्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. "आज नाय प्यायलो" हे वाक्य त्यानं भिंतीला धरून इतक्या वेळा म्हटलं होतं की आता दारू सुटल्यावरही त्या वाक्याची किंमत शून्य. त्याची बायको कुंदा पापड लाटायला जायची. उंचीनं कमी, आवाजानं मोठी, आणि नाक असं की नवरा गल्लीच्या तोंडाशी असताना तो काय पिऊन आलाय आणि कुणाबरोबर, ते सांगावं. ती दोनदा माहेरी जाऊन राहिली होती. हा केंद्रातून बरा होऊन आला तेव्हा माझ्या शब्दावर तिनं त्याला घरात घेतला, पण अट घातली. "बाई, आता एकदा जरी वास आला ना, तर मी जाईन ती येणार नाय. मंग तुमी पाय धरलात तरी नाय." कुंदा गेली की हरिश्चंद्र परत गुत्त्यावर बसणार, हे तिला, मला आणि त्याला, तिघांनाही ठाऊक होतं.

आता दारूपासून लांब असलेली नोकरी याला शोधायची. तुम्ही कधी शोधून बघा. वरातीच्या बँडचा टेम्पो चालवायला दिला, तर पहिल्याच वरातीत नवरदेवाचा मामा बाटली घेऊन केबिनमध्ये चढला आणि "माझी शपथ" म्हणत गळ्यात पडला. रोह्याला रात्रपाळीचा वॉचमन हवा होता. पगार चांगला, मालक देवमाणूस. आम्ही दोघं गोडाऊन बघायला गेलो, मालकानं शटर वर केलं, आणि आत छतापर्यंत देशीची खोकी. हरिश्चंद्र तिथंच मटकन खाली बसला. "बाई," तो म्हणाला, "ही नोकरी मना दहा वर्सांपूर्वी का नाय दिलीत?"

शेवटी वाट निघाली ती पोपटीतून. आमच्याकडं थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावतात. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. एक मडकं घ्यायचं, त्यात भांबुर्ड्याचा, म्हणजे एका उग्र वासाच्या रानझुडपाचा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून, परत शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. शिजलं की नाही ते बघायला बाहेरून मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. चर्र करून पाणी लगेच उडून गेलं की झालं.

इतकी सोपी गोष्ट, पण पोपटी कधीच धड होत नाही. कारण ती लावणाऱ्यांच्या हातात ग्लास असतो. एकतर जाळ घालायचं विसरतात आणि कोंबडी आतून उठून जाईल इतकी कच्ची निघते, नाहीतर गप्पा रंगतात आणि मडक्यातून कोळसे निघतात. काय निघेल ते सगळे "वा, वा" म्हणत खातात, कारण तोवर चव कळण्याची वेळ गेलेली असते.

त्या वर्षी आम्ही संस्थेतल्या लोकांची सहल गागोद्याकडे एका शेतावर नेली, आणि हरिश्चंद्र-बबननं पोपटी लावली. मडकं फोडलं आणि सगळे वाकून बघायला लागले. शेंगा मऊ, बटाटा मऊ, कोंबडी हाडापासून अलगद सुटतेय. आमचे अध्यक्ष अण्णासाहेब, निवृत्त तहसीलदार, एरवी कशालाच चांगलं न म्हणणारे. त्यांनी तिसरं अंडं सोलता सोलता जाहीर केलं, "मी जन्मभर पोपटी खातोय, पण शिजलेली आज पहिल्यांदा."

मी तिथंच मांडीवर थाप मारली. धंदा सापडला! रोह्याच्या बाजूला शहरातल्या लोकांचे फार्महाऊस झाले होते, त्यांना पोपटी हवी असायची आणि लावणारे शुद्धीत नसायचे. आमचे दोघं शुद्धीत. अण्णासाहेबांचं अंडं घशात अडकलं. "अहो, दारू सोडलेल्या माणसाला तुम्ही दारूच्या पार्टीत पाठवणार?"

"सगळीकडं तीच आहे अण्णासाहेब," मी म्हटलं. "निदान इथं तो न प्यायल्याबद्दल त्याला बोलावतील."

आणि बोलावलंच. मडकी वाढत गेली. प्रश्न एकच, आग्रहाचा. "घ्या हो एक, थंडी आहे." हरिश्चंद्र म्हणायचा, औषध चालू आहे. "मग तर घ्याच, औषधच आहे हे!" तो म्हणायचा, आज उपास आहे. "हे काय खाण्यात येतं का?" शेवटी बबननं उपाय काढला. कुणी ग्लास पुढं केला की बबन मधे येऊन उभा राहायचा आणि अगदी शांतपणे सांगायचा, "त्याला देऊ नका. तो प्यायला की मला त्याला सांभाळायला लागंल. आणि मला वेड लागलेलं हाय." ग्लास लगेच मागं जायचा. एकदा तर ग्लासवालाही मागं गेला, थेट गाडीत जाऊन बसला.

अशी दोघांची जोडी जमली. कुंदाही सैलावली होती. नवऱ्याच्या अंगाला आता धुराचा आणि ओव्याचा वास यायचा. ती मला म्हणाली, "बाई, आता हा माणूस शेजारी झोपला की भूक लागते."

आणि मग ती सकाळ आली. मी ऑफिसच्या जिन्याशी पोचले तर कुंदा पायरीवर बसलेली. शेजारी बॅग. डोळे सुजलेले.

"तुमच्या शब्दावर त्याला ठेवला होता," ती म्हणाली, "म्हणून तुमास्नी सांगून जाते."

मागोमाग हरिश्चंद्र आला, कालच्याच कपड्यांत, आणि त्याच्यामागं बबन. तिघांनाही वर घेतलं, आणि हरिश्चंद्र आत येताच मी खिडकी उघडली. काय वास तो! दारूचा, आणि त्यात आणखी कसलातरी हिरवा. दारू पिऊन माणसानं कुंपण खाल्लं असावं.

"नाय प्यायलो गो," तो म्हणाला. तेच वाक्य. म्हणताना नेमका त्यानं भिंतीला हात टेकला, आणि कुंदानं माझ्याकडं बघितलं.

त्याचं म्हणणं असं. आदल्या संध्याकाळी रोह्याजवळच्या एका फार्महाऊसवर पोपटी होती. पाहुणे पुण्याचे. जाळ उतरला, मडक्यावर शिपका मारायचा म्हणून हा तांब्या भरून आणायला वळला. परत येऊन वाकला, तेवढ्यात एक उत्साही पाहुणा "थांबा, थांबा, आम्हाला पण येतं हे" म्हणत पुढं झाला, आणि हातात होता तो ग्लासच त्यानं मडक्यावर शिंपडला. चर्र झालं, भप्पकन जाळ उठला, वाफ थेट हरिश्चंद्राच्या तोंडावर. पाहुणा घाबरून दचकला आणि उरलेला ग्लास याच्या शर्टावर.

"आणि हा पाल्याचा वास?" मी विचारलं.

"वास जावा म्हणून भांबुर्डा चोळला बाई. अंगभर चोळला. दुसरं काय सुचंना."

"बघा!" कुंदा उसळली. "चोरी नाय केली तर पाला कशाला चोळायचा? एस.टी.त कंडाक्टरनी मागच्या शीटवर बसवला ह्याला, वर म्हणाला उलटी आली तर खिडकीतनं कर. सगळ्या पेणनी बघितला!"

मला त्याचं खरं वाटत होतं आणि वाटतही नव्हतं. मी फार्महाऊसवर फोन लावला. पाहुणे निघून गेले होते. राखणदार फोनवर आला. "बाई, कोण प्यायलं काय सांगू? मी सोताच कुठं होतो ते मला आजून कळलं नाय."

म्हणजे त्या अख्ख्या पार्टीत शुद्धीत असलेला साक्षीदार एकच. आम्ही सगळे बबनकडं वळलो. नेमके तेवढ्यात अण्णासाहेब जिना चढून आले. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही आता याची साक्ष काढणार? ज्याच्या कानात माणसं बोलतात त्याची?"

बबनला राग आला नाही. तो उभा राहिला. त्याच्या डॉक्टरांनी त्याला त्या दिवसांत एक नवीन सवय लावली होती. जे डोळ्यांनी बघितलं ते सांगताना उजवा हात वर करायचा, आणि जे डोक्यातल्यांनी सांगितलं ते सांगताना डावा. म्हणजे सरमिसळ होत नाही. त्यानं घसा साफ केला आणि चौकातल्या हवालदारासारखी सुरुवात केली.

उजवा वर. "पाव्हण्याच्या हातात गलास व्हता. तो त्यानी मडक्यावर वतला." डावा वर. "मास्तर म्हणाला, मडकं फुटणार, पळ." उजवा. "मडकं नाय फुटलं." परत उजवा. "ऱ्हायलेली दारू ह्याच्या शर्टावर पडली. ह्यानी तोंड पुसलं, पाण्याच्या टाकीवर गेला, मी मागनं गेलो." डावा. "दुसरा म्हणाला, हा टाकीच्या मागं बाटली लपवून आलाय, बघ, पितोय." उजवा. "मी बघितलं. टाकीच्या मागं बाटली नव्हती. एक कुत्री व्हती, तिला पिल्लं झालीत."

"किती?" मी उगाच विचारलं.

"मोजली नायत," उजवा हात वर ठेवून तो म्हणाला.

अण्णासाहेब घुटमळले. "ते सगळं ठीक आहे हो. पण मला विचाराल तर हा प्यायला असणार. या लोकांचं मला चांगलं माहीत आहे."

"तुमी बघितलंत?" बबननं विचारलं.

"बघितलं नाही, पण मला आतून वाटतं ना…"

"मग डावा वर करा," बबन म्हणाला.

तो चेष्टा करत नव्हता. चेष्टा त्याला येतच नव्हती. तो हात वर व्हायची वाट बघत उभा राहिला, आणि तहसील कचेरी चालवलेला तो माणूस, काय झालं कुणास ठाऊक, त्यानं खरंच डावा हात वर केला. मी मागं नव्हते. मीही केला. मला हसू फुटत होतं, पण कुंदा अजून बॅगेचा पट्टा धरून उभी होती.

हरिश्चंद्र कुणाकडंच बघत नव्हता. त्याच्या शब्दाला किंमत नाही हे त्याला इतकं पाठ झालं होतं की त्यानं दुसऱ्यांदा सांगायचा प्रयत्नही केला नव्हता. त्याचंच मला त्या दिवशी सगळ्यात वाईट वाटलं. पुढं नोकरीच्या वर्षांत मी कितीतरी जणांना तसं गप्प झालेलं बघितलं. खरं बोलत असताना गप्प झालेले. त्यातले काही परत प्यायला लागले, एकदोघं तर गेलेच. त्यांच्यासाठी मला कुणी बबन मिळाला नाही.

कुंदा बबनकडं बघत होती. "तुझ्या डोक्यातले म्हणले, हा प्यायलाय?"

डावा वर. "व्हय. अजून म्हणतायत."

"आणि तू?"

उजवा. "मी तिथं व्हतो वयनी. नाय प्यायला."

खाली सायकलवाला कुणाच्यातरी चाकात हवा भरत होता. मग कुंदाचा डावा हात बॅगेच्या पट्ट्यावरून सुटला आणि हळूहळू खांद्याएवढा वर आला.

"माझ्या डोक्यातले पन रातभर तेच म्हणत व्हते," ती म्हणाली.

मग ती नवऱ्याकडं वळली आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे खालच्या सायकलवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात, ओरडली, "आता उभा काय ऱ्हायलायस? काढ तो शर्ट. धुवाया टाकते. वासानं डोकं उठलंय माझं!"

हरिश्चंद्रानं शर्ट काढून दिला. तिनं तो नाक मुरडत बॅगेत कोंबला, स्वतःच्या लुगड्यांवरच, आणि बॅग उचलून घराच्या दिशेनं चालायला लागली. तिच्या मागून, भर थंडीत, पेणच्या बाजारपेठेतून, गंजीफ्रॉकवर हरिश्चंद्र निघाला. लोक वळून वळून बघत होते. तो ओळखीच्या एकेकाला थांबवून, तोंडाचा वास घेता येईल इतक्या जवळ जाऊन, नमस्कार करत होता.